आधी बोलून पाहिलंत का?

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. सकाळी ७.१०

आजपासून पुन्हा रोजनिशी. कारण एकच: पुरावा. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तारखा लागतील, आणि आमच्या घराण्यात तारीख फक्त माझ्या लक्षात राहते.

पेपरात पान सहावर जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की आमच्या गावचा, म्हणजे चाकणच्या पुढचा, गट नंबर ४१२ माझा धाकटा भाऊ अर्जुन एका कंपनीला गोडाऊनसाठी एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणार आहे. कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी. सख्ख्या बहिणीला हे तमाम लोकांबरोबर कळलं. नोटिशीतलं मराठी भिकार.

४१२ म्हणजे विहिरीचं शेत. आबांचं. त्यातले दोन गुंठे मला हवे आहेत, विहिरीला लागून, एका खोलीपुरते. आमची सांगवीची बिल्डिंग दिवाळीनंतर पाडणार आहेत. नवी तीन वर्षांनी मिळेल, असं बिल्डर म्हणतो. तोवर मी कुठे राहायचं? अडुसष्टाव्या वर्षी घरमालकाचे नियम ऐकायचे नाहीत. भावजयीचे तर नाहीच. हे गेल्यापासून मी कोणाच्याही स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून उभी राहिलेले नाही.

निर्णय: स्वतःच्या बापाच्या जमिनीत स्वतःची खोली. मागायची नाही, घ्यायची.

११.३०

अर्जुनला फोन करावा असा एक विचार आला होता. बाजूला ठेवला. गणपतीत आला होता तेव्हा म्हणाला, आक्का, एकदा विहिरीकडं चक्कर टाकू, तुला एक दाखवायचंय. मी म्हटलं, चिखल आहे. आता कळलं काय दाखवायचं होतं. कंपनीची पाटी.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

बाहेर ढोल. खिडक्या बंद करून कायद्याचा विचार.

वकील करायचा नाही. एकतीस वर्षं पिंपरीच्या कंपनीत लीगल डिपार्टमेंटची स्टेनो होते. वकील काय करतात ते मला माहीत आहे. ते चहा पितात आणि म्हणतात, विमलबाई, जरा बघून घ्या. बघून मीच घ्यायची. माझ्या ड्राफ्टमधून पाणीसुद्धा गळत नसे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिनाची शिकवण: वाक्य सुरू केलंस तर सगळी दारं बंद करूनच बाहेर पड.

एकदा तर अर्जुन खेडच्या बॉण्डरायटरने हाताने खरडलेला कागद घेऊन ऑफिसात आला होता. जमिनीचं काहीतरी होतं, सोसायटीच्या कर्जाचं असावं. मला ते मराठी वाचवेना. एका पानात ‘सदर’ सतरा वेळा, आणि पुढे भोकंच भोकं, बैल जाईल एवढी. लंच अवरमध्ये सगळा पुन्हा टाइप केला आणि एकूण एक भोक बुजवलं. बॉण्डरायटर म्हणाला म्हणे, बाई वकील हायेत का? अर्जुनने ते मला घरी येऊन सांगितलं, आणि वर हिरवी इरकली साडीही दिली. काही कारण नसताना. तेव्हा त्याला माझी किंमत होती.

संध्याकाळी ५

शेजारच्या तेजलकडे गेले. वय सत्तावीस, लॉ केलंय, पण कोर्टात जात नाही. पिंपळे गुरवला एका जिमच्या वर तिचं ऑफिस आहे. चार मुलं, सहा कॉम्प्युटर, एकही कायद्याचं पुस्तक नाही. तिच्या अ‍ॅपचं नाव ‘सहीघर’. नोटीस, करार, मृत्युपत्र, सगळं अ‍ॅप लिहून देतं. म्हणाली, काकू, वकिलांचं सत्तर टक्के काम नुसतं टायपिंगच असतं, आम्ही तेवढंच काढून घेतलं.

म्हणजे मला काढून घेतलं. हे मी तिला म्हटलं नाही. तिने अ‍ॅप माझ्या मोबाइलवर टाकून दिलं. गट ४१२ वर ‘लक्ष ठेवा’ अशी सोयही लावून दिली. जमिनीचं काहीही हललं की मला मेसेज येईल.

बघू. मशीन शिकलेलं दिसलं तर त्याला वापरू. नाहीतर शिकवू.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पितृपक्ष. हा माझा हुकमी मुद्दा. पितृपक्षात आमच्याकडे कोणी चप्पलसुद्धा नवी घेत नाही. एकोणतीस वर्षांच्या करारावर सही करणं तर शक्यच नाही. घटस्थापना बावीस तारखेला. तोपर्यंत सगळं बंद. कंपनी परदेशी असेल, अर्जुन देशी आहे.

तेव्हा घाई नाही. ड्राफ्ट निर्दोष करायचा.

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी १०

अ‍ॅप उघडलं. पहिलाच प्रश्न: ‘समोरची व्यक्ती आपली कोण?’ लिहिलं, भाऊ. पुढचा प्रश्न: ‘आधी त्यांच्याशी बोलून पाहिलंत का?’ खाली दोन बटणं. ‘हो’ आणि ‘नाही, पुढे जा’.

मशीनला इतका आगाऊपणा कोणी शिकवला? दुसरं बटण दाबलं.

मग भाषेचा सूर निवडायचा: सौम्य, ठाम, आक्रमक. तिन्ही वाचून पाहिले. आक्रमक म्हणजे वाण्याच्या दुकानातला तगादा. दार वाजवलं आणि तेजलला सांगितलं, चौथा सूर हवा, सुसंस्कृत पण समोरच्याला झोप येऊ नये असा. ती हसली. म्हणाली, काकू, तुम्ही आमच्याकडे जॉइनच व्हा. मी म्हटलं, पगार परवडणार नाही तुम्हाला.

शेवटी आक्रमक घेतला आणि स्वतः दुरुस्त केला. अठ्ठावीस दुरुस्त्या. मशीनने शेवटी लिहिलं: ‘उत्तम बदल.’ मला कोणी उत्तम म्हणून अकरा वर्षं झाली. मशीन तसं वाईट नाही.

दुपारी ३

अ‍ॅप पुन्हा विचारतं: ‘मसुदा तयार आहे. पाठवण्याआधी एकदा भावाशी बोलून पाहिलंत का?’

नाही, पुढे जा.

११ सप्टेंबर, गुरुवार

नोटीस आज गेली. वाटेत एक तांत्रिक अडचण आली, ती इथे फक्त नोंद म्हणून.

सही कागदावर नाही, आधारवरून करायची. आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो, तो अ‍ॅपमध्ये टाकला की सही झाली. वाट पाहिली. येईना. तेजलने खटपट करून सांगितलं की माझ्या आधारला जोडलेल्या नंबरचे शेवटचे आकडे १७ आहेत. माझे नाहीत.

मग आठवलं. आधार काढलं ते गावच्या शाळेतल्या कॅम्पमध्ये, कारण सांगवीत रांग फार होती. तेव्हा मी मोबाइल वापरत नव्हते, तत्त्व म्हणून. नंबर दिला होता रविराजचा. रविराज म्हणजे अर्जुनचा मुलगा. कंपनीशी सगळं बोलणं त्याचंच चालू आहे. पांढरी गाडी घेऊन फिरतो, डॅशबोर्डवर देव.

नंबर बदलायला आधार केंद्रात जाऊन रांगेत बसायचं, आणि मग वाट बघायची. मी तारखेची पक्की आहे. रविराजला फोन केला. म्हटलं, तुझ्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, तो सांग.

म्हणाला, आलाय की आत्या. कशाचा हाय?

म्हटलं, गॅसचा.

 मग म्हणाला, हितं ई-साइन लिहिलंय आत्या.

म्हटलं, हल्ली गॅसवाले सही मागतात.

बरं म्हणाला आणि आकडे सांगितले. दोनदा सांगितले. स्वतःवरच्या नोटिशीला स्वतःच्या तोंडाने सही दिली. कायद्याच्या इतिहासात असं कधी झालं नसेल.

नोटीस तिघांना गेली: अर्जुन, रविराज आणि कंपनीचे वकील. पोस्टाने, ई-मेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. सारांश: दोन हजार पाचच्या कायद्याने मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे, ४१२ मध्ये माझा अविभक्त हिस्सा आहे, माझ्या सहीशिवाय एक ढेकूळही हलवू नये.

जेवले. डाळ खारट झाली, पण चव लागली.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस चिडीचूप. याला कायद्याच्या भाषेत दहशत म्हणतात.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खोलीचा नकाशा काढला. दार पूर्वेला, खिडकी विहिरीकडे, खिडकीखाली टेबल, टेबलावर माझा जुना टाइपरायटर. बाहेर एक दगडी बाक. आबा पिंपरीतली पहिली पाळी करून सायकलवरून यायचे आणि थेट विहिरीवर हातपाय धुवायचे. माझं कॉन्व्हेंटचं दप्तर सायकलच्या हँडलला असायचं, कारण मी कॅरियरवर झोपलेली. बाक तिथेच हवा.

सोसायटीने फॉर्म दिला: पर्यायी घर हवं आहे का? ‘गरज नाही, बिनशर्त’ असं लिहून परत दिला. सेक्रेटरी म्हणाले, विमलबाई, विचार करा, मागाहून बदलता येणार नाही. मी म्हटलं, मी सही करते ती बदलण्यासाठी करत नाही.

सायंकाळी ६.४०

अर्जुनचा फोन. नोटिशीचा न सुद्धा नाही. म्हणाला, मंगळवारी आबांचं श्राद्ध आहे, दशमी, येतीयस ना आक्का? रविराजला गाडी घेऊन पाठवतो.

म्हटलं, बसने येईन.

घाबरला आहे. आवाज मऊ पडलाय. कंपनीचा वकील असता तर एका पत्रात गप्प केला असता. हा तर नुसता अर्जुन.

१६ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८

सकाळी साडेसातला निघाले, पोचले सव्वाअकराला. मोशीपासून पुढे कंटेनरच कंटेनर. चाकणच्या चौकात बस चाळीस मिनिटं एकाच पाटीसमोर उभी होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘वेग जीव घेतो’.

हिरवी इरकली मुद्दाम नेसले होते. जुनी असली तरी पक्षकाराने नीटनेटकं दिसावं. अर्जुनची बायको ताना दारातच थांबली आणि साडीकडे बघतच राहिली. म्हणाली, वन्सं, ही आजून ठिवलीया व्हय? मी म्हटलं, मी वस्तू जपून ठेवते. ती म्हणाली, ते दिसतंया. आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिला साडीतलं काही कळत नाही.

जेवणाआधी विहिरीकडे गेले, एकटीच. आणि काय बघते? विहिरीला लागून, अगदी माझ्या दोन गुंठ्यांवर, चुन्याची फक्की टाकून खोलीचा चौकोन आखलेला. चार कोपऱ्यांना चार दगड. पूर्वेला दाराची जागा सोडलेली. शेजारी कोणीतरी तुळशीचं रोप लावलंय.

वॉचमनची केबिन. कंपनीने वॉचमनला तुळससुद्धा देऊ केली. मला काय, चौदा दिवसांची नोटीस.

परत येऊन पानावर बसले. कावळा लगेच शिवला, तेव्हा आबा माझ्या बाजूचे आहेत. मी एवढंच म्हटलं, विहिरीपाशी काय आखलंय ते पाहिलं मी. ताना म्हणाली, आवो वन्सं, ती खोली… आणि अर्जुनने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. तो म्हणाला, आक्काला खीर वाढ. रविराज मोबाइलमध्ये डोकं घालून हसत होता.

ताना निघताना म्हणाली, वन्सं, भांडायचं तर भांडा, पर ऱ्हावा की दोन दिस. हितंच भांडू, कुणी मधी येत न्हाई.

मी राहिले नाही. शत्रुपक्षाच्या घरी मुक्काम केला की केस पातळ होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुरवणी नोटीस. एकच परिच्छेद, पण पोलादी: ‘विहिरीलगत केलेली बेकायदा आखणी, दगड व रोपासह, अठ्ठेचाळीस तासांत काढून टाकावी, आणि त्या जागेवर कोणत्याही व्यक्तीस राहण्यास देण्याचा कोणताही बेत कायमचा सोडून द्यावा.’

अ‍ॅप: ‘आधी भावाशी बोलून पाहिलंत का?’

काल खीर खाल्ली, म्हणजे बोलणं झालंच की. तरी प्रामाणिकपणे ‘नाही, पुढे जा’ दाबलं.

रविराजला ओटीपीसाठी फोन. म्हणाला, आत्या, परत गॅस? म्हटलं, हो. म्हणाला, लई जेवन बनवताय. आकडे सांगितले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १२.१५

नोटिशीतले चौदा दिवस आज संपले. कंपनीच्या वकिलांचं उत्तर ई-मेलने आलं. त्याच्या खाली बारीक अक्षरात: ‘सहीघर’च्या साहाय्याने तयार केले.

एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

ते म्हणतात, आपण १९९६ साली नोंदणीकृत हक्कसोड पत्राने गट ४१२ मधील आपला संपूर्ण हिस्सा भावाच्या लाभात सोडलेला आहे. प्रत सोबत जोडली आहे. आपली हरकत निकाली काढण्यात येत आहे.

खोटं. बनावट. बहिणींना खेडच्या कचेरीत नेऊन, कशावर सही करतोय हे न सांगता सह्या घ्यायच्या आणि वर साडी द्यायची, ही या लोकांची जुनी रीत मला चांगली माहीत आहे. माझ्या बाबतीत हे होणं शक्य नाही. मी कॉन्व्हेंटची आहे.

प्रत उघडत नाही. मोबाइल फिरवून पाहिला.

१२.५०

उघडली.

तीन पानं. टाइप केलेली. आमच्या कंपनीच्या देवनागरी रेमिंग्टन टाइपरायटरवर. त्याचा ‘र’ नेहमी अर्धा रेष वर उठायचा. इथेही उठलाय. ‘सदर’ एकदाही नाही. पान तीनवर माझी सही, पूर्ण नाव, आणि शेवटी तो सिस्टर फिलोमिनाने घोटून घेतलेला पूर्णविराम.

मोबदल्याच्या जागी लिहिलंय: ‘प्रेमाखातर व साडीचोळीच्या मानावर.’

साडी खुर्चीवर वाळत पडली होती. उचलून आत ठेवली.

२० सप्टेंबर, शनिवार

तेजलला जाब विचारला. एकाच वेळी दोन्ही बाजूंचं काम कसं करतेस? म्हणाली, काकू, आम्ही प्लॅटफॉर्म आहोत, वकील नाही. रस्ता दोघांनाही वापरता येतो. मी म्हटलं, आमच्या काळी रस्त्याला लाज होती. त्यावर तिने चहा टाकला.

मग तिने समजावून सांगितलं. तुमच्या भावाने हे पत्र कोणाला दिलंच नव्हतं. त्याने नुसतं सांगितलं होतं की बहिणीचं आम्ही घरात बघून घेऊ. पण तुमची हरकत आली, म्हणून कंपनीच्या वकिलांनी आमच्या ‘जुने दस्त’मध्ये शोध लावला. मशीनने अकरा सेकंदांत काढून दिलं.

अकरा सेकंद. एकोणतीस वर्षांचा कागद.

विचारलं, इतके जुने कागद मशीनला वाचता येतात? म्हणाली, तेच तर आहे काकू. त्या वेळचे बहुतेक दस्त बॉण्डरायटरच्या हातचे, गिचमिड, मशीन तिथे हात टेकतं. हा एक इतका स्वच्छ टाइप केलेला की अक्षर न् अक्षर आलं.

तिने मशीनचा अहवाल दाखवला. ‘दस्ताची मजबुती: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. त्या काळच्या दस्तांत सहसा न आढळणारे कलम: आज किंवा पुढे कोणत्याही नव्या कायद्याने मिळणाऱ्या हक्कासह, कायमचा व बिनशर्त.’ तेजल म्हणाली, दोन हजार पाचचा कायदा इथे तसाही चालला नसता, नोंदलेला दस्त त्याच्या आधीचा आहे. पण बाकी कुठे भांडायला फट राहिली असती, तर तीही या कलमाने बुजवलीय. हे कलम कोणी टाकलं असेल हो? भारी माणूस असणार.

मी म्हटलं, असेल कोणीतरी.

आठवतंय मला सगळं. कर्जाचं नव्हतं ते. अर्जुन म्हणाला होता, आक्का, हक्कसोड करायचंय, तुला चालेल ना, नीट विचार कर. मी हसले होते. मला पगार होता, यांचं क्वार्टर होतं. म्हटलं होतं, बाजरीच्या त्या तुकड्याचं मी काय करू? पण हे असलं मराठी मी सहन करणार नाही.

सांगितलं होतं त्याने. कागदसुद्धा वाचायला मलाच दिला होता.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

अर्जुन आला. एकटा, बसने. पिशवीत तुळशीचं रोप, मुळांना ओलं फडकं गुंडाळलेलं.

सोफ्याच्या कडेवर बसला, नेहमीसारखा, जणू परक्याच्या ऑफिसात. म्हणाला, आक्का, ती खोली तुझी होती. बिल्डिंग पाडणार म्हणून तूच राखीपौर्णिमेला सांगितलंस ना, तेव्हाच आखली. दोन गुंठे भाडेपट्ट्यातून वगळायचे ठरले होते, कंपनीने मान्यपण केलं होतं. दार पूर्वेला ठेवलं होतं, तुला सकाळचं ऊन लागतं म्हणून. गणपतीत दाखवणार होतो, तू चिखल म्हणालीस, मग म्हटलं सगळं पक्कं झालं की दाखवू. रविराज म्हणाला, सरप्राइज देऊ. तानाला राहवत नव्हतं, तिला मीच गप्प बसवलं.

मी विचारलं, मग?

म्हणाला, मग तुझी दुसरी नोटीस आली. तू लिहिलंस, त्या जागेत कोणाला राहायला देण्याचा बेत कायमचा सोडा. कंपनीचा वकील म्हणाला, बहीणच लेखी मागतीय, तर वगळायचं कशाला? सगळा गट द्या, नाहीतर आम्ही शेजारच्या गावात बघतो. आपल्याबरोबर आणखी तिघांची वावरं आहेत त्यात आक्का. मी त्यांना काय सांगणार होतो?

म्हटलं, पितृपक्षात सही करतात का कोणी?

म्हणाला, नोंदणी घटस्थापनेनंतर आहे. सह्या काल झाल्या, मोबाइलवर. त्यांच्या परदेशातल्या साहेबाला पितृपक्ष कसा समजावायचा ते रविराजला जमलं नाही.

चहा घेतला त्याने. बशीत ओतून. मग म्हणाला, एक फोन केला असतास.

मी म्हटलं, तू केला असतास.

म्हणाला, केला होता की. श्राद्धाचा.

जाताना सांगून गेला की घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, ज्वारीची पोती आहेत तिथे, हलवता येतील. मी म्हटलं, विचार करून कळवते. तो म्हणाला, लेखी नको कळवू.

रोप बाल्कनीत ठेवलं. बाल्कनी दिवाळीनंतर पडणार आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. सकाळी ९.२०

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. पर्यायी घराचा फॉर्म परत मिळेल का, असं सहज विचारलं. त्यांनी फाइल काढून माझंच अक्षर दाखवलं. म्हणाले, बिनशर्त लिहिलंय तुम्ही. बिल्डरने तुमच्या वाटचं पर्यायी घर यादीतून काढलंसुद्धा.

१०.०५

मेसेज. ‘अभिनंदन! आपण लक्ष ठेवलेला गट ४१२ आता पूर्णपणे निर्वेध आहे. सहीघरचा अनुभव कसा वाटला? पाच तारे द्या.’

तीन दिले. मग भाषेसाठी एक वाढवला.

११.४०

हक्कसोड पत्र पुन्हा वाचलं. चूक शोधायला बसले होते. एकही नाही. सगळी दारं बंद आहेत.

दुपारी ४

पर्याय तपासले. भाड्याचं घर: नियम. वृद्धाश्रम: आळंदीच्या रस्त्यावरचा एक बरा आहे म्हणतात, पण तिथे पहाटे पाचला सगळ्यांनी एका सुरात हरिपाठ म्हणायचा. मी एका सुरात काहीही करत नाही. उरली ज्वारीची खोली. माडीवर खिडकी आहे का, ते विचारायचं राहून गेलं.

ठरवलं. पण तोंडाने मागायला मला जमणार नाही, हेही ठरलेलं आहे. अ‍ॅप उघडलं. विषय: ‘राहण्याच्या जागेबाबत विनंती’. समोरची व्यक्ती: भाऊ. सूर: सौम्य. मशीनने चार ओळी लिहिल्या. एकही दुरुस्ती केली नाही.

मग तो प्रश्न आला. ‘आधी भावाशी बोलून पाहिलंत का?’

बराच वेळ बघत बसले. बाल्कनीत जाऊन तुळशीला पाणी घालून आले. प्रश्न तिथेच होता.

नाही, पुढे जा.

मिनिटभरात मोबाइल वाजला. मी केला नव्हता. रविराज.

म्हणाला, आत्या, ओटीपी आलाय. या खेपेला काय पुसायचंय?

मी कागद-पेन शोधलं.  मागून तानाचा आवाज येत होता, कुनाला तरी पोती धरून ओढ म्हणून सांगत होती.

मग त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. हळू सांग म्हटलं, लिहून घेते.